४,२०० पीपीएम म्हणजे नक्की किती? घरामागच्या जुन्या गॅसविहिरीची गळती मोजण्याबद्दल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर काउंटीत तुम्ही गेल्या वर्षी सहा एकर जागेसह जुनं घर घेतलंत. घरामागच्या झाडीत जमिनीतून गुडघाभर वर आलेला एक गंजका पाइप आहे. शेजारी सांगतात की ती शंभर वर्षांपूर्वीची गॅसची विहीर आहे. पावसानंतर पाइपाच्या बुंध्याशी बुडबुडे दिसतात. ओळखीच्या एकाने हातातला डिटेक्टर पाइपाच्या तोंडाशी धरला तेव्हा ४,२०० पीपीएम आकडा आला. आता तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: या आकड्यावरून वर्षाला किती मिथेन, म्हणजे नैसर्गिक गॅसचा मुख्य घटक, हवेत जातो ते कसं काढायचं, आणि कार्बन क्रेडिट (गळती थांबवल्याबद्दल मिळणारं, विकता येणारं प्रमाणपत्र) मिळवून देतो म्हणून फोन करणाऱ्या माणसाला काय सांगायचं.

मी मूळचा उरणचा. घराच्या गच्चीवरून ओएनजीसीच्या प्रकल्पाची ज्योत बघत वाढलो, त्यामुळे गॅस म्हणजे जळताना दिसणारी वस्तू अशीच लहानपणी समजूत होती. गेली चौदा वर्षं पश्चिम पेनसिल्व्हेनियात आणि ओहायोत मी न दिसणारा गॅस मोजतोय, आणि तुमच्यासारखा प्रश्न दर हंगामात दोन-तीन घरमालक तरी विचारतात. आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो, पण अडचण तीच असते.

सरळ उत्तर आधी देतो. ४,२०० पीपीएमवरून वर्षाचा मिथेन काढता येत नाही. अंदाजानेसुद्धा नाही.

पीपीएम हे प्रमाण आहे. हवेच्या दहा लाख भागांत मिथेनचे किती भाग आहेत, एवढंच ते सांगतं. तुम्हाला हवा आहे तो वेग, म्हणजे तासाला किती ग्रॅम. आपल्याकडे सकाळी नळाला पाणी यायचं तेव्हा बादली लावून ठेवायचे ना? बादलीत आत्ता किती पाणी आहे ते बघून नळाची धार सांगता येत नाही. बादली कधी लावली आणि पातळी किती मिनिटांत किती चढली, हे माहीत असेल तरच सांगता येतं. तुमचा पाइप ही अशीच एक बादली आहे, आणि ती भोक पडलेली आहे. वाऱ्याची झुळूक आली की अर्धी रिकामी होते, वारा पडला की पुन्हा भरत जाते. पाइपाच्या तोंडाशी १०,००० पीपीएम दाखवणारी एक विहीर मी मोजली आहे, तिची गळती तासाला अर्धा ग्रॅमही नव्हती. दुसऱ्या एका विहिरीवर वाऱ्याच्या दिवशी हातभर अंतरावरून जेमतेम ३०० पीपीएम दिसत होते, आणि ती तासाला शंभर ग्रॅमहून जास्त मिथेन सोडत होती.

मग त्या ४,२०० मधून काय कळतं? साध्या मोकळ्या हवेत मिथेन साधारण १.९ पीपीएम असतो. म्हणजे पाइपातून गॅस येतोय हे नक्की झालं. दुसरं म्हणजे मिथेन हवेत ५ टक्क्यांवर, म्हणजे ५०,००० पीपीएमवर गेला की ठिणगीने पेटू शकतो. तुमचा आकडा त्या मर्यादेच्या आठ-साडेआठ टक्के आहे. पण तो पाइपाच्या तोंडाशी, त्या एका क्षणी. आत हातभर खाली काय असेल ते त्यावरून सांगता येणार नाही.

म्हणून मोजण्याच्या आधी सुरक्षिततेचं सांगतो, ते कृपया आजच करा. पाइपाजवळ काडी, सिगरेट, गवत कापायचं यंत्र काहीही नको. मुलांना तिकडे जाऊ देऊ नका. पाइपाच्या तोंडात वाकून बघू नका आणि वास घेऊन पाहू नका. काही विहिरींतून हायड्रोजन सल्फाइड येतो. सडक्या अंड्याचा तो वास प्रमाण वाढलं की नाकाला जाणवेनासा होतो, आणि माणसाला वाटतं गॅस गेला. घरात तळघर असेल तर तिथे छताजवळ मिथेनचा डिटेक्टर लावा, मिथेन हवेपेक्षा हलका असतो. स्वयंपाकाच्या गॅसला येणारा वास कंपनीने मुद्दाम मिसळलेला असतो. जमिनीतून येणाऱ्या गॅसला तो नसतो, त्यामुळे घरात साठला तरी नाकाला पत्ता लागत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुणाच्या सांगण्यावरून पाइपाला टोपी बसवून वेल्ड करू नका. गॅसला वरची वाट बंद झाली की तो बाजूची शोधतो, आणि बाजूला तुमचं तळघर आहे, शेजाऱ्याची पाण्याची बोअर आहे.

तुमच्या भागात हे सगळं इतकं अनिश्चित का, ते इतिहासात आहे. एडविन ड्रेकने १८५९ मध्ये टायटसव्हिलला सुमारे सत्तर फुटांवर तेल काढलं. ते गाव तुमच्यापासून उत्तरेला तासा-दीड तासावर आहे. त्यानंतर जवळजवळ शतकभर इथे कुणीही कुठेही विहीर खणली. पेनसिल्व्हेनियात परवान्याची सक्ती आली १९५६ मध्ये. तोवर विहीर आटली की कुणी ओंडका ठोकायचा, कुणी दगडमाती लोटायचा, कुणी तशीच सोडून जायचा. दुसऱ्या महायुद्धात लोखंडाला भाव आला तेव्हा अनेक विहिरींचं केसिंग, म्हणजे विहिरीच्या भोकात उतरवलेला लोखंडी नळ, उपसून भंगारात गेलं. संशोधक मेरी कांग आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या एका राज्यात अशा ४,७०,००० ते ७,५०,००० विहिरी असाव्यात असा अंदाज मांडला. राज्याच्या यादीत त्यांतला अगदी छोटा हिस्सा आहे. मोजणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच, की तुमच्या विहिरीत खाली काय आहे, केसिंग किती खोल आहे, कुठे कुजलंय, हे कागदावर बहुधा मिळणार नाही. गॅस पाइपाच्या आतून येत असेल, पाइपाच्या बाहेरच्या कडेने येत असेल, किंवा चार फूट दूर मातीतून. बुंध्याशी दिसणारे बुडबुडे मला पाइपाच्या तोंडापेक्षा जास्त महत्त्वाचे वाटतात, ते त्यामुळेच.

आता मोजणी. या कामात सगळ्यात जुनी आणि आजही सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे पेटी. विहिरीवर उपडी पेटी किंवा तंबूसारखं आवरण ठेवायचं, खालची कड हवाबंद करायची, आत छोटा पंखा लावून हवा ढवळती ठेवायची, आणि मिथेनचं प्रमाण दर काही सेकंदांनी नोंदवत राहायचं. इथे पीपीएमला पहिल्यांदा अर्थ येतो, कारण बादली किती मोठी हे माहीत आहे आणि घड्याळ चालू आहे.

उदाहरणाने सांगतो. समजा पेटीत १०० लिटर हवा आहे. दहा मिनिटांत मिथेन २ वरून ५२ पीपीएमवर गेला. वाढ ५० पीपीएम, म्हणजे १०० लिटरांत ५ मिलिलिटर मिथेन. तासाला ३० मिलिलिटर. २० अंश सेल्सियसला एक लिटर मिथेन साधारण ०.६७ ग्रॅम भरतो, तेव्हा तासाला ०.०२ ग्रॅम. वर्षभर हाच वेग राहिला तर १७५ ग्रॅम, पावशेराच्याही आत. आता तीच पेटी दुसऱ्या विहिरीवर ठेवली आणि एका मिनिटात ५,००० पीपीएमची वाढ झाली असं धरा. मिनिटाला अर्धा लिटर, तासाला ३० लिटर, म्हणजे २० ग्रॅम. वर्षाला १७५ किलो. दोन्ही विहिरी बाहेरून सारख्याच गंजलेल्या दिसतात, दोन्हींच्या तोंडाशी तुमच्या ओळखीच्या माणसाचा डिटेक्टर हजारांतले आकडे दाखवू शकतो, आणि गळतीत हजारपटीचा फरक आहे.

दुसऱ्या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. मिनिटाला ५,००० पीपीएम म्हणजे दहा मिनिटांत ५०,०००. पेटीत आपण स्वतःच्या हाताने स्फोटक मिश्रण तयार केलेलं असतं. म्हणून हे काम घरी प्लास्टिकचं पिंप उपडं घालून करू नका असं मी कळकळीने सांगतो. आमच्याकडे पंखा आणि उपकरण दोन्ही ठिणगी न पडणाऱ्या बनावटीचं असतं, पेटीला दाब न वाढू देणारी बारीक नळी असते, आणि वाढीचा वेग पहिल्या अर्ध्या मिनिटात कळला की बंद पेटी लगेच उचलतो.

मोठ्या गळतीला बंद पेटीऐवजी वाहती पेटी वापरतात. पेटीतून पंपाने ठरावीक वेगाने हवा ओढायची, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेतल्या मिथेनचा फरक बघायचा. मिनिटाला २०० लिटर हवा ओढली आणि फरक ५० पीपीएम आला तर मिनिटाला १० मिलिलिटर मिथेन, म्हणजे तासाला ०.४ ग्रॅम. आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, घाई करायची नाही. गॅस सगळा पाइपातूनच येतोय याची खात्री असेल तर सरळ पाइपावर प्रवाहमापक बसवतात. आणि तुमच्यासारखे बुडबुडे असतील तर पाण्याने भरलेली मापाची बाटली उपडी धरून बुडबुडे गोळा करायचे आणि घड्याळ लावायचं, ही पद्धत दिसायला बाळबोध वाटते पण बुडबुड्यांपुरती अचूक असते. फक्त त्या गॅसमध्ये मिथेन किती हे नमुना तपासून ठरवावं लागतं.

पेटी चुकते कुठे? बहुतेक वेळा खालच्या कडेशी. तुमच्या झाडीत वीतभर पालापाचोळा असणार. त्यावर पेटी ठेवली तर निम्मा गॅस पानांतून निसटतो आणि आलेख सुरुवातीला चढून लगेच वाकतो. असा वाकलेला आलेख दिसला की मी तो आकडा टाकून देतो, माती साफ करून कड पुन्हा गाडतो. दुसरी चूक उपकरणाची. काही सेन्सर कमी प्रमाणाला एका तत्त्वावर चालतात आणि काही टक्क्यांच्या पुढे दुसऱ्या तत्त्वावर जातात. ते बदलणं नीट झालं नाही तर मोठी गळती छोटी दिसते. म्हणून आम्ही हंगामाच्या सुरुवातीला आणि मग दर महिन्याला सिलिंडरमधून माहीत असलेल्या वेगाने मिथेन सोडून आमचीच पेटी तपासतो. जो कुणी तुमच्याकडे मोजायला येईल त्याला पहिला प्रश्न हाच विचारा: तुमची पेटी तुम्ही शेवटची कधी तपासली आणि चूक किती टक्के आली? नीट काम करणारा माणूस या प्रश्नाने खूश होतो.

पाइप मोजून झाला की निम्मंच काम झालेलं असतं. पाइपाभोवती एक मीटर, दोन मीटर, पाच मीटर अंतरावर मातीवर छोट्या पेट्या ठेवाव्या लागतात. मातीतले जिवाणू मिथेन खातात, त्यामुळे कोरड्या भुसभुशीत मातीतून वर येईपर्यंत त्यातला बराच संपलेला असू शकतो. पावसात माती भिजली किंवा थंडीत वरचा थर गोठला की गॅस भेगांतून एकदम निघतो. हिवाळ्यात पाइपाभोवतीचा बर्फ कुठे लवकर वितळतो ते बघून ठेवा, आम्हाला पेट्या कुठे लावायच्या त्याचा तो चांगला सुगावा असतो. शिवाय पन्नासेक मीटर दूर, विहिरीशी संबंध नाही अशा जागी एक-दोन पेट्या तुलनेसाठी लागतात, नाहीतर दलदलीचा मिथेन विहिरीच्या खात्यावर जातो. कार्बन डायऑक्साइडही पेटीत वाढताना दिसेल, पण तो बहुतांश मुळांचा आणि मातीतल्या जिवांचा श्वास असतो. इथल्या विहिरींच्या हिशेबात खरा विषय मिथेनच.

मग हा मिथेन कुणाचा, हाही प्रश्न उरतो. दलदलीत जिवाणूंनी बनवलेल्या मिथेनबरोबर इथेन जवळजवळ नसतो, खोल खडकातल्या गॅसबरोबर असतो. म्हणून नमुन्यात इथेन आणि प्रोपेन तपासतात, आणि कार्बनच्या समस्थानिकांचं, म्हणजे कार्बनच्याच हलक्या-जड अणूंचं, प्रमाण बघतात. बटलर काउंटीत यात तिसरा भिडू आहे, कोळसा. तुमची विहीर कोळशाच्या थरातून गेली असेल तर त्या थरातला गॅसही तिच्यातून वर येऊ शकतो. या राज्यात कोळशाच्या पट्ट्यात विहीर बुजवतानाही खाणीच्या सुरक्षेसाठी वर हवेला वाट ठेवणारा पाइप ठेवतात. बुजवलेल्या विहिरी कमी गळतात हा सर्वसाधारण अनुभव खरा आहे, पण अशा पाइप ठेवलेल्या गॅसविहिरी कांग यांच्या २०१६ च्या त्याच अभ्यासात मोठी गळती करणाऱ्यांमध्ये निघाल्या. त्यामुळे तुमचा पाइप म्हणजे न बुजवलेली विहीर की बुजवून वाट ठेवलेली, हे आधी शोधायला हवं. नुसतं बघून मलाही सांगता येणार नाही.

यानंतर येते वेळ, आणि इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. माझ्या तिसऱ्या हंगामात ऑक्टोबरमध्ये एका शेतातली विहीर मी दोनदा मोजली. दोन्ही दिवस निरभ्र, थंड, सुंदर. दोन्ही वेळा आकडा शून्याच्या आसपास आला. मी अहवालात गळती नाही असं लिहिलं आणि त्या वयस्क शेतकऱ्याला तोंडीही तसंच सांगितलं. तीन आठवड्यांनी वादळ येण्याच्या आदल्या संध्याकाळी माझी सहकारी शेजारच्या विहिरीसाठी तिथे गेली, सहज म्हणून हीही मोजली, आणि तासाला चाळीस ग्रॅम निघाले. निरभ्र दिवशी हवेचा दाब चढता असतो. विहीर तेव्हा बाहेरची हवा आत ओढते. वादळापूर्वी दाब उतरतो आणि ती आतला गॅस बाहेर सोडते. मी दोन्ही वेळा ती श्वास आत घेत असतानाच मोजली होती. त्या माणसाकडे परत जाऊन मी चूक सांगितली. त्याच्या गोठ्याची भिंत विहिरीपासून वीस फुटांवर होती, हे मला अजून आठवतं. तेव्हापासून दाबाची नोंद नसलेला एकही आकडा मी लिहीत नाही, आणि एका मोजणीत शून्य आलं तर त्या दिवशी शून्य आलं, एवढंच लिहितो.

सगळ्याच विहिरी अशा श्वास घेत नाहीत. खाली दाब भक्कम असेल तर बाहेरच्या हवेने फारसा फरक पडत नाही, विहिरीत पाणी भरलेलं असेल तर गॅस झटक्याझटक्याने येतो. तुमची कुठली, हे वेगवेगळ्या दिवशी मोजल्याशिवाय कळत नाही. माझा आग्रह किमान तीन भेटींचा असतो. त्यात एक दाब उतरता असताना, एक चढता असताना आणि जमल्यास एक हिवाळ्यात. उपकरण दोन-तीन दिवस तिथेच ठेवून सलग नोंद घेता आली तर त्याहून चांगलं.

तुम्ही विचारलंय की सरकारी सरासरी वापरून हिशेब करता येईल का. तुमच्या एका विहिरीसाठी अजिबात नको. कारण सांगतो. संशोधक एमी टाउनसेंड-स्मॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये १३८ विहिरींची मोजणी प्रसिद्ध केली. बुजवलेल्या ११९ विहिरींपैकी एक गळत होती. न बुजवलेल्या १९ पैकी आठ गळत होत्या, आणि त्या १९ ची सरासरी तासाला सुमारे १० ग्रॅम आली. म्हणजे ११ विहिरींतून काहीच येत नव्हतं आणि तरी सरासरी १० ग्रॅम. मेरी कांग यांच्या २०१४ च्या पहिल्या अभ्यासात पेनसिल्व्हेनियातल्या १९ विहिरी होत्या. गळतीच्या क्रमाने लावल्या तर मधोमध येणाऱ्या विहिरीच्या हजारपट त्यातल्या तीन विहिरी गळत होत्या. दिवसाला ०.२७ किलो ही सरासरी मुख्यतः त्या तिघींची. अशा ठिकाणी सरासरीइतकी गळणारी विहीर शोधूनही सापडत नाही, बहुतेक विहिरी तिच्या खूप खाली आणि थोड्या तिच्या खूप वर असतात. राज्याचा किंवा देशाचा हिशेब करताना सरासरी लागते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या राष्ट्रीय हिशेबात सोडून दिलेल्या विहिरी २०१८ पासून धरल्या जातात, त्या अशाच. तिथेही मोठी विहीर नमुन्यात आली की नाही यावर सगळा आकडा हलतो, म्हणून शेकडो विहिरी मोजाव्या लागतात.

उपग्रहातून दिसेल का, असंही तुम्ही विचारलंत. नाही. मिथेन शोधणाऱ्या चांगल्यातल्या चांगल्या उपग्रहांना तासाला शंभरेक किलोच्या आसपासची गळती दिसते. आपण ग्रॅमची गोष्ट करतोय. गॅस दाखवणारा इन्फ्रारेड कॅमेरा उपयोगी आहे, पण तो गॅस कुठून निघतोय हे दाखवायला. तासाला दोन-चार ग्रॅम तर त्यातही दिसत नाहीत, आणि कॅमेऱ्यात काही दिसलं नाही म्हणून गळती नाही असं लिहिलेले अहवाल मी पाहिले आहेत.

समजा सगळं नीट मोजलं आणि तुमची विहीर माझ्या दुसऱ्या उदाहरणासारखी, तासाला २० ग्रॅमची निघाली. वर्षाला १७५ किलो मिथेन. शंभर वर्षांच्या हिशेबाने जमिनीखालचा मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३० पट तापवतो, म्हणजे साधारण ५.२ टन. वीस वर्षांच्या हिशेबाने ८२.५ पट, म्हणजे चौदा टनांच्या वर. अमेरिकेत एक सर्वसाधारण मोटार वर्षाला साडेचार टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडते. म्हणजे तुमच्या झाडीत वर्षभर एक मोटार चालू ठेवून कुणीतरी निघून गेलंय असं समजा, आणि कदाचित १९२० पासून. अहवालात मात्र १७५ असा एकच आकडा लिहू नका. तीन भेटींतला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा, त्या वेळचा दाब आणि पेटीची चूक हे सगळं सोबत हवं. कुठल्या कालावधीचा पट धरला हेही लिहा. तीस आणि ऐंशी यांची सरमिसळ करून कुणी आकडा फुगवत असेल तर तिथेच कळतं.

आता फोनवाल्या माणसाबद्दल. बेवारस विहिरी बुजवून क्रेडिट देण्याची अधिकृत पद्धत अस्तित्वात आहे, क्रेडिटची नोंदणी करणाऱ्या अमेरिकन कार्बन रजिस्ट्री या संस्थेने ती २०२३ मध्ये आणली. त्यामुळे तो थाप मारतोय असं मी म्हणणार नाही. पण क्रेडिट मोजलेल्या गळतीवर मिळतं, डिटेक्टरच्या पीपीएमवर नाही. त्याच्याकडे तुमच्या विहिरीची मोजणी नसताना तो डॉलरमध्ये आकडा सांगत असेल तर त्याने तो हवेतून काढलाय. मोजणी कुणाच्या उपकरणाने, किती वेळा, आणि विहीर बुजवल्यावर पुन्हा मोजणार का, हे लेखी मागा. मोजण्याआधी जमिनीत शिरण्याचा किंवा विहिरीवरचा कुठलाही हक्क देणारा कागद सही करू नका. जबाबदारीचा मुद्दाही इथेच येतो. या राज्यात १८ एप्रिल १९८५ पूर्वी सोडून दिलेल्या विहिरींना बेवारस मानण्याची तरतूद आहे, पण तुमची त्यात बसते का, आधीच्या मालकाने घर तापवायला तिचा गॅस वापरला होता का, यावर बरंच अवलंबून आहे. ते वकिलाला विचारा. मी मोजणारा माणूस आहे, त्यात माझा शब्द प्रमाण मानू नका.

राज्याच्या पर्यावरण विभागाला मात्र आजच कळवा. कळवलं म्हणजे विहीर यादीत येते, आणि यादीत नसलेली विहीर बुजवायला कुणीच येत नाही. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात बेवारस विहिरींसाठी ४.७ अब्ज डॉलर ठेवले आहेत. रक्कम मोठी वाटते, पण एक विहीर बुजवायला वीस हजार डॉलर आणि जागा पूर्ववत करण्यासह पाऊण लाख डॉलर सहज लागतात, आणि खोल किंवा अडचणीची असेल तर त्याच्या कितीतरी पट. रांग लांब आहे. घराजवळच्या, पाण्याजवळच्या आणि जास्त गळणाऱ्या विहिरींना आधी घेतात. तुमच्या बुंध्याशी बुडबुडे आहेत आणि घर जवळ आहे, या दोन गोष्टी फोनवर आवर्जून सांगा. ४,२०० हा आकडा सांगायचा असेल तर कुठल्या उपकरणाने, पाइपापासून किती अंतरावर आणि वारा किती होता तेही सांगा.

मला पुढे काही सांगता यावं म्हणून एवढं कळवा: पाइपाचा व्यास किती, घराच्या भिंतीपासून आणि पाण्याच्या बोअरपासून अंतर किती, पाइपात पाणी दिसतं का (लांबून विजेरी टाकून, वाकून नाही), बुडबुडे फक्त पावसानंतरच येतात की कोरड्या दिवसांतही, आणि भोवतालचं गवत कुठे जळल्यासारखं किंवा खुरटलेलं आहे का. फोनमध्ये हवेचा दाब दाखवणारं कुठलंही अ‍ॅप घ्या आणि दोन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ दाब आणि बुडबुडे, दोन्ही वहीत लिहा. बुडबुडे लांबूनच, मिनिटाला किती ते मोजा. दाब उतरला की बुडबुडे वाढतात असं दिसलं, तर मोजायला येणाऱ्याला कुठल्या दिवशी बोलवायचं ते तुमच्या वहीतच लिहिलेलं असेल.